पंप आणि आमचं ताट : अकोल्यातल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

कामाचे दोन भाग ठरवले आहेत. पहिला यंत्राचा: इन्सुलिन पंप अंगावर बाळगून नोकरी, घर, प्रवास आणि अकोल्याचा उन्हाळा निभावायचा. दुसरा स्वयंपाकघराचा: आमच्या चुलीवर जे शिजतं त्यातल्या कर्बोदकांचा तक्ता करायचा. दुसरा भाग मला जास्त अवघड वाटतो. जेवणाआधी पंप एकच गोष्ट विचारतो, ताटात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत. मिळालेल्या छापील तक्त्यात पोळी, भात, इडली, ब्रेड आणि पिझ्झा आहे. ज्वारीची भाकर नाही, भगर नाही, झुणका नाही.

टाइप १ मधुमेह मला शाळकरी वयापासून आहे. आजवर रात्री एक दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी एक जलद, अशी इंजेक्शनं घेत आले. पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात. ते दर काही मिनिटांनी थेंबाच्या अंशाने शरीरात जात राहतं, ते बेसल. जेवणासाठी एकदम घ्यायचं ते बोलस.

डॉक्टरांनी दिलेले सुरुवातीचे आकडे: इंजेक्शनांवर दिवसाला एकूण ३६ युनिट लागत होती. पंपासाठी ती सुमारे वीस टक्क्यांनी कमी करून २९ धरली. त्यातली निम्मी बेसलला, म्हणजे ताशी ०.६ युनिट. जेवणाला १५ ग्रॅम कर्बोदकांमागे १ युनिट. हे आकडे माझ्या शरीराचे आहेत, दुसऱ्या कोणी उचलू नयेत. सुरुवातीचे काही दिवस ऑटो मोड (अंगावर लावलेल्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवरून पंपाने स्वतः बेसल बदलणं) बंद, कारण यंत्राने सांभाळण्याआधी माझं बेसल बरोबर आहे का ते मला पाहायचं आहे.

६ मार्च

सेट, म्हणजे पंपातलं इन्सुलिन शरीरात पोचवणारी ट्यूब आणि तिच्या टोकाची कॅन्युला, घरी बसवला. बेंबीपासून दोन बोटं लांब, स्पिरिटने जागा पुसून पूर्ण कोरडी केली, मग यंत्राने कॅन्युला आत सारली. सुई मागे येते आणि फक्त मऊ प्लास्टिकची बारीक नळी आत राहते. ट्यूबमधले हवेचे बुडबुडे घालवणं हे सगळ्यात वेळखाऊ. फ्रिजमधून काढलेलं गार इन्सुलिन लगेच भरलं तर ते कोमट होताना बुडबुडे सुटतात, म्हणून कुपी आधी बाहेर काढून ठेवायची. बुडबुडा स्वतः धोक्याचा नाही. पण जेवढी जागा हवा घेते तेवढं इन्सुलिन पोचत नाही.

आई (माझ्या सासूबाई) दारातून पाहत होत्या. "हे पोटाले काय लावलं वं? दुखत नाही का तुले?" मी त्यांना हात लावून पाहू दिलं. त्यांनी ट्यूब दोन बोटांत धरली आणि विचारलं, "अन् झोपेत निघालं तं?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर एक वेगळा डबा तयार करावा लागेल. तो या आठवड्यात करते.

११ मार्च

बेसलची तपासणी. पद्धत अशी: एक जेवण टाळायचं, आधीच्या बोलसचा परिणाम संपलेला असावा, आणि त्या काळात साखर ३० पेक्षा जास्त वर किंवा खाली गेली नाही तर बेसल बरोबर. दुपार बरोबर निघाली, संध्याकाळही. पहाट मात्र नाही. रात्री तीनपर्यंत सेन्सरची रेघ सपाट, मग सातपर्यंत काहीही न खाता १२० वरून १९० च्या पुढे.

हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण रात्रीच्या जेवणाला दोष दिला जायचा. माझ्याकडूनही आणि घरच्यांकडूनही. खरं कारण पहाटे शरीरात वाढणारी कॉर्टिसॉल आणि वाढीची संप्रेरकं. ती इन्सुलिनच्या विरुद्ध ओढतात. रात्री एकदा घेतलेलं इंजेक्शन तेवढ्या चार तासांपुरतं वाढवता येत नाही, पंपाचं बेसल वाढवता येतं. डॉक्टरांशी फोनवर बोलून तीन ते सात ताशी ०.८ केलं. सकाळी उठल्यावर १२४.

१५ मार्च

डबा झाला. त्यात काय आहे ते झाकणाच्या आत चिकटवलं आहे: एक जादा सेट, रिझर्व्हॉयर (पंपात इन्सुलिन भरायची नळकांडी), पंपाच्या बॅटऱ्या, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) मोजायच्या पट्ट्या, सिरिंज, ग्लुकोज पावडर आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं पेन कुठे ठेवलंय त्याची चिठ्ठी (पेन फ्रिजच्या दारात).

सिरिंजबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे जीवावर बेतू शकतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात कुपीतलं इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. सरकारी दवाखान्यात आणि बहुतेक जुन्या रुग्णांकडे ४० ची कुपी असते. तिची सिरिंज लाल टोपणाची. पंपात १०० चं भरतात, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीचपट. घाईत, रात्री, घरातल्या दुसऱ्या कुणी भरलं तर हे सहज होईल. म्हणून घरातल्या जुन्या लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंज बाहेर काढल्या आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "फक्त नारिंगी."

नवऱ्यासाठी आणि आईंसाठी दुसरी चिठ्ठी फ्रिजवर. माझी साखर फार उतरली आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा, १०८ ला फोन.

२२ मार्च

भाकरीचा दिवस. स्वयंपाकघरात लहान डिजिटल वजनकाटा आणला. माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी असल्यामुळे वजन करून लिहिणं हा माझा रोजचा हात आहे. आईंना मात्र ते पटलं नव्हतं. "माह्या भाकरीचं वजन कराले लागली का तू?" मी म्हटलं, तुमच्या भाकरीवर माझा डोस ठरणार आहे. मग त्यांनी परात काट्यावर ठेवू दिली.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं. आईंच्या एका भाकरीला पीठ लागतं ८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५४. आठवडाभर रोज मोजलं, त्यांचा हात चार ग्रॅमच्या पलीकडे हलत नाही. डोळ्यांना कमी दिसतं, पीठ मुठीने घेतात, आणि तरी हा नेमकेपणा. माझ्या पोळ्या मोजल्या तर २५ पासून ४० ग्रॅम कणकेपर्यंत काहीही निघतं. त्यामुळे तूर्त पंपासाठी आईंची भाकर.

झुणक्यात बेसन असतं हे छापील सल्ल्यात कुठेच येत नाही. भाजी म्हणून तो शून्य धरला जातो. आमच्या वाटीभर झुणक्याला १५ धरते.

२ एप्रिल

ऑटो मोड सुरू. आता सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो आणि पंप त्यावरून बेसल कमी-जास्त करतो. बोलस मात्र मलाच सांगायचा, आणि जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी. ही पंधरा मिनिटं पाळली की दुपारचा चढ जवळजवळ अर्ध्यावर येतो. वरण-भात असेल तर फरक आणखी स्पष्ट दिसतो.

कपड्यांचं: कुर्त्यांना आतून खिसा शिवून घेतला, खिशाच्या तळाशी ट्यूब जाईल एवढं काज. साडीवर परकराच्या नाडीला सुती पिशवी बांधते, उजव्या बाजूला, म्हणजे निऱ्यांना धक्का लागत नाही. १९६० च्या दशकात अर्नोल्ड कॅडिश यांनी अमेरिकेत केलेला सुरुवातीचा पंप पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. ते वाचल्यापासून कमरेच्या या डबीबद्दल माझ्या मनात नुसती कृतज्ञता आहे.

१० एप्रिल

पैशांची नोंदही प्रकल्पातच हवी. पंप काही लाखांचा. तो कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जातून आला. पण खरा भार दर महिन्याचा आहे: सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा, रिझर्व्हॉयर त्याच्याबरोबर, सेन्सर आठवड्याला. पंप घ्यायचा विचार करणाऱ्याने आधी हा मासिक आकडा लिहून काढावा आणि पाच वर्षांचा गुणाकार करावा. मधेच थांबवावं लागलं तर पुन्हा इंजेक्शनांवर जाण्यात कमीपणा नाही, पण कर्ज उरतं.

२९ एप्रिल

पारा ४४ च्या पुढे. इन्सुलिन हे प्रथिन आहे, उष्णतेने बिघडतं, आणि बिघडलेलं दिसायला तसंच नितळ राहू शकतं. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. शरीराला लागून, कपड्यांच्या आत ठेवलं तर ते शरीराच्या तापमानाच्या आसपास राहतं. अशा हवेत बाहेरच्यापेक्षा शरीरच थंड. म्हणून उन्हात पंप पट्ट्यावर बाहेर लटकवायचा नाही, ट्यूबही आत. गाडीच्या डिक्कीत राखीव कुपी तर कधीच नाही.

वापरात असलेली कुपी ३० अंशांच्या आत २८ दिवस चालते. इथे मे महिन्यात ३० अंश फक्त फ्रिजमध्ये, आणि लाईट दुपारी जाते. म्हणून दोन मडकी: मोठ्यात लहान, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं. प्रयोगशाळेत वापरतो तसला तापमापी आत ठेवून पाहिलं. खोलीत ४१, मडक्यात २७. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं म्हणून हे जमतं. कूलर चालू असलेल्या खोलीत तेच मडकं ३० पर्यंत चढलं, कारण कूलर हवा दमट करतो. मडकं व्हरांड्यात, सावलीत.

घामाचं: कॅन्युलाची चिकटपट्टी दुसऱ्याच दिवशी सुटते. जागेला लोशन, तेल काही न लावणं, आंघोळीनंतर पंखा बंद करून पाच मिनिटं बसण्याऐवजी पंख्याखाली पूर्ण वाळवणं, आणि वरून एक जादा पट्टी. उन्हाळाभर सेट तीनऐवजी दोन दिवसांनी.

१७ मे

आईंच्या मार्चमधल्या प्रश्नाचं प्रत्यक्ष उत्तर आज मिळालं. रात्री अडीचला सेन्सर वाजला, ३००. बोटातून मोजली, ३१८. मळमळ. कीटोन १.१. पंपाने कुठलाही अडथळा दाखवला नव्हता, कारण इन्सुलिन बाहेर पडत होतं, फक्त आत जात नव्हतं. कॅन्युला त्वचेखाली दुमडली होती आणि पट्टी ओलसर लागत होती.

अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं आणि तसंच केलं. दुरुस्तीचा डोस सिरिंजने, कारण ज्या वाटेवर शंका आहे त्या वाटेने पाठवायचा नाही. मग नवा सेट, नव्या जागी. पाणी. तासाने पुन्हा मोजणी. नवऱ्याने टोपणाचा रंग मोठ्याने वाचला: "नारिंगी." चारपर्यंत २३०, साडेपाचला १६०, कीटोन ०.४.

पंपाच्या प्रत्येक नव्या घराला हे कळायला हवं. इंजेक्शनांवर असताना अंगात दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन असतं, एक डोस चुकला तरी तळ शिल्लक राहतो. पंपावर तो तळ नसतो. प्रवाह थांबला की काही तासांत कीटोन चढू लागतात. ०.६ च्या आत असले तर ठीक, १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन, ३ झाले तर थेट दवाखाना. हे आकडे आता फ्रिजवरच्या चिठ्ठीतही आहेत. आणि एक नियम: झोपण्याच्या वेळी सेट बदलायचा नाही. सकाळी बदलायचा, म्हणजे नीट बसला की नाही ते जागेपणी कळतं.

१२ जून

पेरणीआधीचे मातीचे नमुने. दिवसभर बार्शीटाकळीकडच्या शेतांतून चालणं. निघण्याच्या तासभर आधी पंपाचं साखरेचं लक्ष्य व्यायामासाठीच्या वरच्या आकड्यावर नेलं, म्हणजे पंप आधीच हात आखडता घेतो. बांधावर पोचल्यावर ते केलं तर उशीर होतो. आधीचं इन्सुलिन तोवर कामाला लागलेलं असतं.

तरीही अकराला ६४. इंजेक्शनांच्या काळची सवय म्हणजे मूठभर साखर. ऑटो मोडवर पंपाने अर्ध्या तासापूर्वीच बेसल थांबवलेलं असतं, त्यामुळे ८-१० ग्रॅम पुरतात, दोन चमचे साखर. सेन्सर रक्तापेक्षा दहा-पंधरा मिनिटं मागे चालतो. तो अजून ६६ दाखवत असताना बोटाची तपासणी ८५ सांगत होती. खाली जाताना आणि वर येताना बोटावर विश्वास.

७ जुलै

काल आषाढी. उपवास केला, डॉक्टरांना आधी विचारून. "उपासाच्या जिनसांत साखर नसते," असं घरात सगळे मानतात, आणि इथेच सगळ्यात मोठं गणित चुकतं. सुक्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तो जवळपास निव्वळ स्टार्च. माझ्या बशीतल्या खिचडीला ६० ग्रॅम साबुदाणा आणि अर्धा बटाटा: ६० ग्रॅम कर्बोदकं. भाकरीपेक्षा जास्त. ६० ग्रॅम भगरीत ४० च्या आत. संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, आलेख बराच सपाट राहिला. पुढच्या एकादशीपासून दोन्ही वेळा भगर.

पाऊस लागल्यापासून मडकं निरुपयोगी. हवाच ओली, पाणी उडत नाही. कुपी पुन्हा फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं.

२८ जुलै

पंपाच्या अहवालात दर महिन्याला साखरेचा एक पट्टा वर सरकलेला दिसत होता, चार-पाच दिवसांचा. तारखा पाळीच्या आधीच्या निघाल्या. त्या दिवसांत मला रोज पाच-सहा युनिट जास्त लागतात, आणि पाळी सुरू झाल्यावर गरज एकदम उतरते. इतकी वर्षं त्या दिवसांतल्या साखरेसाठी मला "गोड कमी खा" एवढंच ऐकायला मिळालं. मुलींना हे वयात येतानाच सांगायला हवं, डॉक्टरांनीही आणि आयांनीही. ऑटो मोड बराचसा भार उचलतो. पाळी सुरू व्हायच्या दिवशी मात्र मी रात्री लक्ष्य थोडं वर ठेवते.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. पुरणपोळीचं गणित आईंनी आणि मी मिळून आदल्या रात्री मांडलं: हरभऱ्याची डाळ पाव किलो, गूळ पाव किलो, कणीक २०० ग्रॅम, दहा पोळ्या. एकीला ४५ ग्रॅमच्या जवळ. तुपामुळे पचन लांबतं, साखर पहिल्या तासात फारशी चढत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या तासात चढते. माझ्या पंपात ऑटो मोडवर बोलस विभागून देता येत नाही. सगळा आधीच दिला तर आधी उतार येतो. म्हणून दीड पोळीतला मोठा भाग आधी सांगितला, उरलेला जेवण संपताना. सर्वांत वरचा आकडा १८८. पोळ्याला दीड पोळी, आणि १८८.

आता आई भाकर ताटात टाकताना आकडा सांगतात. "घे वं, चोपन्नची हाय." तक्त्यात पन्नासच्या वर पदार्थ झाले, त्यांतले निम्मे त्यांनी मोजून दिलेले.

१९ सप्टेंबर

नागपूरची तपासणी. साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात राहण्याच्या वेळेचं प्रमाण पंपाआधी ४८ टक्के होतं, आता ७२. अपेक्षित ७० च्या वर. ७० च्या खाली जाण्याचं प्रमाण ३ टक्के, ते ४ च्या आत असावं लागतं. डॉक्टरांनी तक्ता मागून घेतला आणि झेरॉक्स काढून ठेवली.

२ नोव्हेंबर

दिवाळी ठीक गेली. चकली आणि शेव एकेक करून खाल्ली जाते आणि मोजायची राहते, म्हणून वाटीत काढून, वाटीचं वजन करून, एकदाच बोलस.

काल शेजारच्या गल्लीतले एक काका आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाला गेल्या महिन्यात टाइप १ निघाला. शेती कोरडवाहू, पंपाचा विषय त्यांच्यासाठी आज नाही. सरकारी दवाखान्यातून ४० ची कुपी मिळते, जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं साधं इन्सुलिन. त्यांनी विचारलं, "ताई, पोराले भाकर बंद करू का?"

भाकर बंद करायची नाही, असं आईच आतून म्हणाल्या, आणि तक्ता घेऊन बाहेर आल्या. त्यातला पंपाचा रकाना काढला की उरतं ते कुठल्याही इन्सुलिनवर चालतं: ताटात किती आहे ते. डोस त्यांचे डॉक्टर ठरवतील. पण रोज तेवढीच भाकर, ठरलेल्या वेळी, हे घरी जमण्यासारखं आहे. लाल टोपणाची सिरिंज त्यांच्यासाठी बरोबर आहे, आणि माझी नारिंगी त्यांनी कधीही वापरायची नाही, हेही समजावलं.

त्यांच्याकडे वजनकाटा नाही. म्हणून तक्त्याची दुसरी आवृत्ती करायची: ग्रॅमऐवजी वाटी, मूठ आणि चमचा. काका उद्या त्यांच्या घरची पिठाची वाटी आणि सूनबाईंच्या हातची एक भाकर घेऊन येणार आहेत. आईंनी काटा पुसून ठेवायला सांगितलंय. ज्वारी, भगर, तांदूळ, तूरडाळ, साबुदाणा, या क्रमाने सुरुवात.